कन्फ्यूशियसची शाळा आणि दरबाराची परीक्षा

दरवर्षी ७ जूनला चीनमध्ये 'गाओकाओ' ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते आणि पुढचे दोन ते चार दिवस सगळा देश आवाज खाली करून वावरतो. परीक्षा केंद्रांजवळची बांधकामं थांबतात, गाड्यांना हॉर्न वाजवायला बंदी असते, उशीर झालेल्या मुलाला पोलीस स्वतः नेऊन केंद्रावर सोडतात. शुभशकुन म्हणून कित्येक आया लाल रंगाचा पारंपरिक 'छीपाओ' घालून फाटकाबाहेर उभ्या राहतात. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावं नोंदवली होती. महाराष्ट्रात बारावीला चौदा-पंधरा लाख मुलं बसतात, म्हणजे चीनचा आकडा साधारण नऊपट.

ही दृश्यं मोबाइलवरून आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही जण म्हणतात, 'बघा, अशी शिस्त पाहिजे, म्हणून ते कुठल्या कुठे गेले.' काही जण म्हणतात, 'बिचारी मुलं, नुसती घोकंपट्टी.' दोघांची मतं उलटी, पण गृहीतक एकच. हे सगळं चिनी संस्कृतीतून, कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतून, हजारो वर्षांच्या गुरुभक्तीतून आणि आज्ञाधारकपणातून आलं आहे, असं दोघेही धरून चालतात. एकदा संस्कृतीच्या नावावर खपवलं की पुढे बोलायला काही उरत नाही, कारण संस्कृती कोणी बदलू शकत नाही, असं आपण मानतो.

मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. चीनमध्ये शिक्षणाची परंपरा एक नाही, दोन आहेत. माणूस आतून घडावा म्हणून शिकायचं, ही पहिली. ती विचारवंतांनी आणि शिक्षकांनी सांभाळली. दरबाराने आपली निवड करावी म्हणून शिकायचं, ही दुसरी. ती राज्यसत्तेने उभी केली. चिनी मुलांच्या पाठीवरचं ओझं बहुतांशी दुसरीचं आहे. तिथल्या वर्गात जे खरोखर चांगलं चालतं ते बहुतांशी पहिलीचं आहे. आणि बाहेरचे लोक, आपणही त्यात आलो, नक्कल करायला जातात ती नेमकी दुसरीची.

पहिल्या परंपरेपासून सुरुवात करू. कन्फ्यूशियस इसवी सनापूर्वी ५५१ मध्ये लू नावाच्या छोट्या राज्यात, आजच्या शान्तोंग प्रांतातल्या छूफू गावाजवळ जन्मला. त्याने शाळा काढली म्हणण्यापेक्षा त्याच्याभोवती शिष्य जमत गेले. गुरुदक्षिणा म्हणून वाळवलेल्या मांसाची एक जुडी घेऊन आलेल्यालाही मी कधी परत पाठवलं नाही, असं तो सांगतो. शिकवताना माणसामाणसात भेद करायचा नाही, हे त्याचं वचन चीनमध्ये शाळकरी मुलालाही पाठ असतं. पण मला त्याच्या वचनांमधला एक प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो. त्झलू नावाच्या शिष्याने विचारलं, 'एखादी चांगली गोष्ट ऐकली की लगेच ती करायला घ्यावी का?' कन्फ्यूशियस म्हणाला, 'वडील आणि थोरले भाऊ हयात असताना त्यांना न विचारता कशी घेशील?' थोड्या वेळाने रान यौ या दुसऱ्या शिष्याने तोच प्रश्न विचारला, तर उत्तर आलं, 'हो, लगेच घ्यावी.' तिथेच असलेला तिसरा शिष्य गोंधळला आणि त्याने गुरूलाच याचा खुलासा मागितला. गुरू म्हणाला, 'रान यौ मागे मागे राहतो, म्हणून त्याला पुढे ढकललं. त्झलूमध्ये दोन माणसांचा उतावळेपणा आहे, म्हणून त्याला मागे ओढलं.'

समोरचा विद्यार्थी कोण आहे हे पाहून उत्तर बदलणारा हा शिक्षक. चौकोनाचा एक कोपरा मी दाखवला आणि उरलेले तीन तुला शोधता आले नाहीत, तर मी पुन्हा सांगणार नाही, असंही तो म्हणतो. विचार न करता नुसतं शिकणं व्यर्थ आणि न शिकता नुसता विचार करणं धोक्याचं, हे त्याचंच. चांगुलपणाचा प्रश्न आला तर गुरूलाही वाट करून देऊ नये, हेही त्याचंच. घोकंपट्टी आणि मान खाली घालून ऐकणं यांचा उगम शोधत जो माणूस इथे येईल त्याला फारसं काही सापडणार नाही. कन्फ्यूशियसच्या जगात थोरल्या-धाकट्यांची उतरंड पक्की होती आणि स्त्रियांना त्याच्या शिष्यवर्गात जागा नव्हती, हे खरंच आहे. तो आजच्या अर्थाने समतावादी नव्हता. पण तो परीक्षकही नव्हता. त्याने कोणाची परीक्षा घेऊन कोणाला पद दिलं नाही. स्वतः पद शोधत राज्याराज्यांतून हिंडला आणि बहुतेक ठिकाणांहून रिकाम्या हाताने परतला.

परीक्षा आली ती त्यानंतर हजार वर्षांनी. सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्वेई राजवटीत अधिकारी निवडण्यासाठी लेखी परीक्षेची पद्धत आकाराला आली, पुढच्या राजवटींनी ती वाढवली आणि १९०५ मध्ये छिंग दरबाराने ती रद्द करेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षं, ती मधल्या काही खंडांसह चालली. तिचं नाव 'केजू'. नानजिंग शहरात या परीक्षेचं एक प्रचंड आवार होतं. तिथे आता संग्रहालय आहे. शेवटच्या काळात त्या आवारात वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. एकेक कोठडी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. आत दोन फळ्या. दिवसा एक वरच्या खाचेत बसवायची, तिचं मेज. दुसरी खालच्या खाचेत, तिची बैठक. रात्री दोन्ही एका पातळीला आणल्या की त्यावर पाय दुमडून झोपायचं. शिधा आणि शाई बरोबर आणायची. परीक्षा तीन फेऱ्यांत चाले आणि प्रत्येक फेरीत उमेदवार दोन रात्री त्या कोठडीत काढी. आत सोडताना अंगझडती होई, तरीही मुंगीएवढ्या अक्षरांत धर्मग्रंथ लिहिलेले सदरे लोक आत घालून जात. असे सदरे संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात.

या परीक्षेने एक मोठं काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. घराण्याच्या जोरावर मिळणारं पद तिने निदान तत्त्वतः अभ्यासाच्या जोरावर मिळेल असं केलं. स्त्रियांना ती बंद होती, काही हलक्या मानलेल्या व्यवसायांतल्या कुटुंबांनाही बंद होती, आणि वर्षानुवर्षं पोराला नुसतं वाचत बसवणं गरीब शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. तरीही शेतकऱ्याचा मुलगा अधिकारी होऊ शकतो ही कल्पना त्या देशाच्या मनात शेकडो वर्षं जिवंत राहिली. आपल्याकडे त्याच शतकांमध्ये अक्षर कोणाच्या कानावर पडावं हे जन्म ठरवत होता, आणि जोतीराव-सावित्रीबाईंना १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना शेण-दगड झेलावे लागले. चिनी आईबापांचा शिक्षणावरचा विश्वास कुठून येतो, याचं उत्तर या तेराशे वर्षांत आहे.

पण याच परीक्षेने शिकण्याचा गळाही आवळला. मिंग आणि छिंग काळात आठ ठरावीक भागांचा एक साचेबद्ध निबंध लिहावा लागे. कुठल्या भागात काय यावं, कुठे समांतर वाक्यं यावीत, हे आधीच ठरलेलं असे. हुशार माणसांची तारुण्यं या साच्यात गेली. हूंग श्यूच्युआन नावाचा दक्षिणेतला एक तरुण ग्वांगचौच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, एका अपयशानंतर तापाने फणफणला, त्या तापात त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे त्याने उभारलेल्या ताईपिंग बंडात, १८५० ते १८६४ या काळात, कोट्यवधी माणसं मेली. त्या बंडाची कारणं अनेक होती. पण एकाच दारातून सगळ्यांना आत जायचं असेल तर बाहेर राहिलेल्यांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आणि आता या सगळ्याच्या मध्यभागी उभा असलेला माणूस. चू शी, जन्म ११३०, मृत्यू १२००. कन्फ्यूशियसनंतर चिनी शिक्षणावर इतका खोल ठसा उमटवणारा दुसरा कोणी सांगता येत नाही. च्यांगशी प्रांतात लूशान डोंगराजवळ 'पांढऱ्या हरणाची गुहा' नावाचं एक जुनं, पडझड झालेलं विद्यालय होतं. तिथे अधिकारी म्हणून आल्यावर चू शीने ते पुन्हा उभं केलं आणि त्यासाठी एक छोटी नियमावली लिहिली. खूप वाचा, बारकाईने विचारा, नीट विचार करा, स्पष्ट पारख करा आणि मग तसं वागा, असा तिचा क्रम. शेवटी त्याने लिहिलं की जुन्या ज्ञानी लोकांनी शिकवलं ते माणसाला तत्त्व समजावं, त्याने स्वतःला सुधारावं आणि मग ते इतरांपर्यंत न्यावं म्हणून. नुसतं पाठ करून, नटवे निबंध लिहून नाव आणि पगार मिळवावा म्हणून नाही. त्याचा रोख त्याच्या काळच्या परीक्षार्थींवर होता, हे वेगळं सांगायला नको. तो मेला तेव्हा त्याच्या विचारांवर दरबाराची बंदी होती. आणि १३१३ मध्ये युआन राजवटीने फर्मान काढलं की परीक्षेत प्राचीन ग्रंथांचा अर्थ चू शीच्या भाष्याप्रमाणेच लावायचा. परीक्षेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाचं भाष्य पुढची सहाशे वर्षं परीक्षेचा अभ्यासक्रम झालं. लाखो मुलांनी ते घोकलं, कारण परीक्षेत त्याला गुण होते.

चिनी शिक्षणावर 'परंपरेचा प्रभाव' म्हणतात तो मला या घटनेत सगळ्यात स्वच्छ दिसतो. राज्यसत्ता परंपरा नाकारत नाही. ती तिला उचलते, प्रश्नपत्रिकेत बसवते, आणि मग आपण प्रश्नपत्रिकेलाच परंपरा समजतो.

इथे आपला एक थेट धागा आहे. १८५३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या शिफारशीऐवजी स्पर्धा परीक्षेने भरायचं ठरलं आणि १८५५ मध्ये लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. त्या वेळच्या ब्रिटिश वादविवादात चीनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जात होतं आणि त्या कल्पनेमागे चिनी पद्धतीचा वाटा होता, असं अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या तयारीला बसलेला धाराशिवचा किंवा गडचिरोलीचा मुलगा त्या नानजिंगच्या कोठडीचा दूरचा वारसदार आहे. चीनकडे बोट दाखवताना आपण परक्याच्या घराकडे बघत नसतो.

आता वर्गात जाऊ. तिथे पहिली परंपरा अजून जिवंत आहे, असं मी कशावरून म्हणतो?

एक म्हणजे कष्टावरचा विश्वास. हॅरोल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, जपान, तैवान आणि चीनमधल्या शाळांचा, मुलांचा आणि आयांचा तौलनिक अभ्यास केला. गणितात मूल मागे का पडतं या प्रश्नावर अमेरिकी आया उपजत बुद्धीला जास्त महत्त्व देत होत्या, पूर्व आशियातल्या आया मेहनतीला. 'आमच्याकडे गणित कोणालाच येत नाही' हे वाक्य आपल्याकडे पालकसभेत किती सहज ऐकू येतं, ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. चिनी शिक्षकापुढे हे वाक्य टिकत नाही. गणित हे रक्तातून येतं असं तो मानतच नाही; मुलाला आलं नाही तर अजून एकदा, वेगळ्या तऱ्हेने. याची काळी बाजूही आहे. मागे पडलेल्या मुलाला 'तू पुरेसे कष्ट केले नाहीस' एवढंच ऐकू येतं आणि अपयश त्याच्या चारित्र्यावर जाऊन बसतं. ते दुःख खरं आहे. तरीही सहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या डोक्यात हे जाणार नाही' असं ठरवून टाकण्यापेक्षा ही चूक मी पत्करेन.

दुसरं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. ते म्हणजे शिक्षकाचं स्वतःचं शिकणं. लीपिंग मा या संशोधिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक घेतले होते. त्यांना एक साधं उदाहरण दिलं: पावणेदोन भागिले अर्धा. आधी सोडवा, मग मुलांना समजेल अशी एखादी गोष्ट त्यावर रचा. चीनच्या सगळ्या ७२ शिक्षकांना उत्तर आलं. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पूर्ण बरोबर सोडवता आलं नाही. गोष्ट रचण्यात फरक आणखी मोठा निघाला. कित्येक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागणं आणि दोघांत निम्मं निम्मं वाटणं यांत गल्लत केली, आणि अर्थाच्या दृष्टीने बरोबर गोष्ट त्यांच्यापैकी एकालाच सुचली. चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना ती सुचली. आपल्या शब्दांत सांगायचं तर, पावणेदोन लिटर दूध अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरलं तर किती बाटल्या होतील? साडेतीन. ज्या आजोबांनी निमकी-पाउणकी पाठ केली होती त्यांना हे उत्तर झोपेतही देता आलं असतं. पण अर्ध्याने भागल्यावर संख्या का वाढते, हे मुलाला पटवून देणं हे निराळं कौशल्य आहे.

आता यातली खरी बातमी अशी की त्या अमेरिकी शिक्षकांकडे पदव्या होत्या आणि चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचं एकूण शिक्षण अकरा-बारा वर्षांचं होतं. शालेय शिक्षण नववीच्या आसपास आणि मग दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालय. मग हे ज्ञान त्यांना मिळालं कुठे? शाळेत, शिकवता शिकवता. चिनी शाळेत एकेका विषयाच्या शिक्षकांचा अभ्यासगट असतो. ते एकत्र बसून पाठ्यपुस्तकातला धडा सोलून काढतात. हेच उदाहरण का दिलं, यात दोन ऐवजी पावणेदोन का घेतलं, मुलं नेमकी कुठे चुकतील, चुकली तर ती चूक फळ्यावर कशी घ्यायची. मग एक जण खुला पाठ घेतो. वर्गात चाळीस-पन्नास मुलं आणि मागे स्टुलांवर वह्या घेऊन बसलेले सहकारी. पाठ संपल्यावर त्याच्या तोंडावर चर्चा होते. तुमचा दुसरा प्रश्न फार लवकर आला, त्या मुलीचं उत्तर चुकीचं नव्हतं, तुम्ही ते ऐकून घ्यायला हवं होतं. तरुण शिक्षकाला एक अनुभवी शिक्षक जोडून दिलेला असतो. आणि यासाठी वेळ मिळतो, कारण तिथला शिक्षक दिवसाला साधारण दोन-तीन तासच वर्गावर असतो. बाकीचा वेळ वह्या तपासणं आणि तयारी. वर्ग मोठे ठेवून शिक्षकाला वेळ द्यायचा, हा त्यांनी केलेला सौदा आहे.

चिनी परंपरेत गुरूला मान आहे तो या अर्थाने. तो शिकतो म्हणून त्याला मान. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते, म्हणजे कल्पना आपल्याकडेही आहे. पण कितीतरी ठिकाणी तो दिवस परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो. शांघाय २००९ च्या 'पिसा' या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचन, गणित, विज्ञान तिन्हींत पहिलं आलं आणि त्याच फेरीत भारतातून उतरलेली हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोन राज्यं यादीच्या तळाशी राहिली, तेव्हा आपल्याकडच्या चर्चेत चिनी मुलं किती तास अभ्यास करतात हे आलं. चिनी शिक्षक किती तास अभ्यास करतात हे आलं नाही. शांघाय म्हणजे चीन नव्हे, ही त्या निकालावरची टीका रास्त आहे. पण शिक्षकांचे अभ्यासगट फक्त शांघायमध्ये नाहीत.

आज्ञाधारकपणाबद्दल थोडक्यात. चिनी मूल गुरूसमोर मान वर करत नाही, कारण ते त्याच्या रक्तात आहे, असं म्हणणाऱ्यांनी माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या सुरुवातीचा, १९६६ चा ऑगस्ट आठवावा. ५ ऑगस्टला बीजिंगच्या एका नामवंत मुलींच्या शाळेत ब्येन चोंगयुन या उपमुख्याध्यापिकेला तिच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस 'रेड गार्ड्स' म्हणवणाऱ्या माओच्या तरुण अनुयायांनी छूफूला जाऊन कन्फ्यूशियसच्या थडग्याची नासधूस केली. अडीच हजार वर्षांचा संस्कार काही महिन्यांत कुठे गेला? संस्कार खोटा नव्हता. पण सत्तेने परवानगी दिली, उलट चिथावलं, आणि मुलं गुरूंवर तुटून पडली. आज तोच सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष कन्फ्यूशियसच्या जयंतीचे सोहळे करतो, पाठ्यपुस्तकांत प्राचीन कविता आणि आईबापांच्या सेवेचे धडे वाढवतो, आणि २०२१ पासून शी जिनपिंग यांच्या विचारांची क्रमिक पुस्तकंही वर्गात आणतो. 'पारंपरिक मूल्यं' म्हणून जे शाळेत येतं ते आधी कोणीतरी निवडलेलं असतं. गुरूलाही वाट देऊ नको, हे वचन त्या निवडीत ठळक अक्षरांत येईल, अशी आशा मला नाही.

मग गाओकाओ रद्द करावी का? मी तसं म्हणणार नाही, आणि याचं कारण चीनच्याच इतिहासात आहे. सांस्कृतिक क्रांतीत प्रवेश परीक्षा बंद झाली. १९७० पासून विद्यापीठात प्रवेश शिफारशीने मिळू लागला. कामगार, शेतकरी, सैनिक यांना प्राधान्य. ऐकायला फार न्याय्य. प्रत्यक्षात ज्याच्या ओळखी त्याची शिफारस. वशिला म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १९७७ च्या हिवाळ्यात परीक्षा परत सुरू झाली तेव्हा ५७ लाख लोक बसले. त्यांत खेड्यांत पाठवलेले तरुण होते, कामगार होते, तिशीतले बाप होते. प्रश्नपत्रिका छापायला कागद पुरेना म्हणून माओच्या निवडक लेखनाच्या नव्या खंडासाठी राखलेला कागद वापरला गेला. प्रवेश मिळाला सुमारे २ लाख ७० हजारांना. त्या पिढीच्या मनात परीक्षा म्हणजे जाच नव्हता. वशिल्याशिवाय उघडलेलं ते पहिलं दार होतं. आजही कान्सू किंवा क्वेइचौच्या डोंगरातल्या मुलाकडे मोठ्या शहरातल्या विद्यापीठाच्या दिशेने जाणारा याहून प्रामाणिक रस्ता नाही. मुलाखती, छंद, समाजसेवेची प्रमाणपत्रं यांवर प्रवेश द्यायला सुरुवात केली तर कोणाची मुलं आत जातील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुखणं दुसरीकडे आहे. १९७७ मध्ये शंभरातले पाच आत जात होते. आता त्या वयोगटातल्या साठ टक्क्यांच्या आसपास मुलांना उच्च शिक्षणात जागा मिळते. जागा इतक्या वाढूनही ताण कमी झाला नाही, कारण लढाई पदवीची उरलीच नाही. देशात ३९ विद्यापीठं 'प्रकल्प ९८५' म्हणून सरकारने अव्वल ठरवली आणि मोठ्या मालकांच्या नजरेत पदवीची किंमत त्या यादीवर ठरू लागली. त्यात 'हूखोऊ', म्हणजे कुटुंबाची जन्मगावाशी बांधलेली नोंदणी. बीजिंगमध्ये वीस वर्षं बांधकामावर राबलेल्या हनान प्रांतातल्या मजुराच्या मुलाला परीक्षेसाठी सहसा हनानला परतावं लागतं. तिथे उमेदवार प्रचंड आणि चांगल्या विद्यापीठांचा कोटा तुटपुंजा. यात परंपरा कुठे आली? हे १९५८ च्या नोंदणी नियमांचं आणि कोट्याच्या गणिताचं काम आहे. आन्हुई प्रांतातल्या माओथानछांगसारख्या गावात पहाटेपासून रात्री अकरापर्यंत मुलं वर्गात बसतात आणि त्यांच्या आया शेजारी खोली भाड्याने घेऊन वर्षभर डबे पोहोचवतात, ते या गणिताचं उत्तर म्हणून.

जुलै २०२१ मध्ये सरकारने गृहपाठ आणि शिकवण्या दोन्हींचं ओझं कमी करण्याचं धोरण आणलं. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला तासाभराच्या आत, मुख्य विषयांच्या शिकवणीतून नफा कमवायला बंदी. एका फटक्यात एक अवाढव्य धंदा कोसळला. 'न्यू ओरिएंटल' या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीने साठ हजार लोकांना कामावरून कमी केलं आणि रिकामी झालेली हजारो बाकं खेड्यातल्या शाळांना दिली. हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. संध्याकाळी मूल घरी आलं, खेळलं, झोपलं, हे ज्यांना मिळालं त्यांना खरंच काहीतरी मिळालं. पण परीक्षा तीच, यादी तीच, कोटा तोच. शिकवण्या बंद दाराआड गेल्या, भाव चढले, घरकामाला बाई ठेवतात तसा शिक्षक घरी ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि शिक्षण मंत्रालयाला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. ज्याला स्वस्त शिकवणी परवडत होती त्याची गेली. ज्याला महाग परवडते त्याची राहिली.

परंपरेला मी इथवर बऱ्याच आरोपांतून सोडवलं. एका आरोपातून सोडवणार नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला पुढचा मोठा विचारवंत मेन्शियस म्हणून गेला की डोक्याने काम करणारे राज्य करतात आणि अंगमेहनत करणाऱ्यांवर राज्य केलं जातं. सोंग काळापासून लहान मुलांना शिकवल्या गेलेल्या एका कवितेत म्हटलं आहे की बाकी सगळे उद्योग हलके, वाचन तेवढं उच्च. हे दोन्ही प्रवाहांनी मान्य केलं, विचारवंतांनीही आणि दरबारानेही. आपल्याकडेही लेखणीवाला वर आणि कुऱ्हाडीवाला खाली ही मांडणी जातीने पक्की केली, त्यामुळे हा तुच्छभाव आपल्याला ओळखीचा आहे. चीनमध्ये आज त्याची सगळ्यात मोठी किंमत पंधराव्या वर्षी चुकवावी लागते. नववीनंतर 'चोंगखाओ' नावाची परीक्षा असते आणि बरीच वर्षं धोरण असं राहिलं की साधारण निम्मी मुलं सामान्य माध्यमिक शाळेत जावीत आणि निम्मी व्यवसाय शिक्षणाकडे. कागदावर दोन रस्ते. घरात मात्र एकच रस्ता आणि एक खड्डा. गाओकाओच्या आधी तीन वर्षं ही चाळणी लागते, म्हणून भीती प्राथमिक शाळेपर्यंत उतरते. जगातली सगळ्यात मोठी कारखानदारी ज्या देशात आहे, तिथे यंत्रावर काम शिकायला जाणारं पोर आईबापांना नातेवाइकांपासून लपवावंसं वाटतं.

या दुखण्याला बाहेरून औषध आणावं लागेल असं नाही. थाओ शिंगची हा शिक्षणतज्ज्ञ अमेरिकेत जॉन ड्यूई या शिक्षणविचारवंताच्या हाताखाली शिकून आला, पण १९२७ मध्ये नानजिंगबाहेर श्याओच्वांग इथे त्याने काढलेली अध्यापक शाळा परदेशी नकाशावर बेतलेली नव्हती. तिथे भावी शिक्षक शेतात राबत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, गावकऱ्यांकडून शिकत. करून मगच कळतं, हा त्याचा आग्रह त्याने मिंग काळच्या वांग यांगमिंग या तत्त्वचिंतकाच्या विचारातून, त्याला उलटा करून घेतला होता. पुढे त्याने लहान मुलांनाच शिक्षक केलं: सकाळी शिकलेली अक्षरं मुलाने संध्याकाळी आजीला शिकवायची. हात आणि डोकं वेगळं करणाऱ्या त्या जुन्या समजुतीवर त्याच्याइतका थेट घाव चीनमध्ये क्वचितच कोणी घातला असेल. १९३० मध्ये च्यांग कैशेकच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारने ती शाळा बंद पाडली. तो १९४६ मध्ये वारला. १९५१ मध्ये कम्युनिस्ट सरकारच्या काळात त्याच्या विचारांवर टीकेची मोहीम चालली आणि त्याला पुन्हा मान मिळायला १९८० चं दशक उजाडलं.

मे २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित व्यवसाय शिक्षण कायद्यात व्यवसाय शिक्षण आणि सामान्य शिक्षण यांचं महत्त्व सारखं आहे, असं लिहिलं आहे. हा कायदा खरा ठरवायचा असेल तर सरकारला आधी स्वतःच्या जाहिराती तपासाव्या लागतील. सरकारी नोकरीसाठी, मोठ्या शहराच्या हूखोऊसाठी, सरकारी कंपन्यांतल्या भरतीसाठी कोणत्या विद्यापीठाची पदवी हवी असं तिथे लिहिलं आहे ते पाहावं लागेल. आईबाप कायद्याची प्रस्तावना वाचत नाहीत, भरतीची अट वाचतात. ती अट बदलेपर्यंत मुलाला रात्री अकरापर्यंत बसवणारी आई वेडी नाही, तिचा हिशोब बरोबर आहे, आणि तिला कन्फ्यूशियसचं नाव घेऊन दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही.